लेटीचा कागदी मुकुट

अपहॅलो, हॅम्पशायर
६ मार्च १८७२

चि. एनॉक यास,
अनेक आशीर्वाद.

तुझं नाताळचं पत्र मार्चात मिळालं. विंचेस्टर काही अमेरिकेत नाही. टपालात टाकायला विसरून तू ते खिशात घेऊन हिंडला असणार, लहानपणापासूनची तुझी खोड. असो. मेंढ्या व्यायल्या, कोकरं धडधाकट आहेत. माझा गुडघा सोडला तर सगळं ठीक आहे.

आता मुख्य गोष्ट. आमचे नवे पाद्री लॅव्हिंग्टनसाहेब ऑक्सफर्डहून शिकून आलेत. चर्च बांधलं गेलं तेव्हा जसं होतं तसं पुन्हा करायचं, असं त्यांनी रविवारी जाहीर केलं. जसे काही ते तेव्हा इथे गारगोट्या वाहत होते! दारं असलेली, खणाखणांची बाकं जाणार. मागचा लाकडी सज्जा, जिथे बसून आपल्या बाबांनी उभा जन्म फिडल वाजवलं, तोही जाणार. भिंतींचा गिलावा खरवडून दगड उघडे करणार. वाईट वाटलं, पण म्हटलं करू देत, लाकूड आणि दगडच तर आहे.

पण उत्तरेकडच्या बाकांवरच्या तुळयांना टांगलेले मुकुटही काढणार आहेत. साहेबांच्या मते ती कागदाची जळमटं आहेत आणि मूळच्या चर्चमध्ये ती नव्हती. त्यात माझ्या लेकीचा, लेटीचा मुकुट आहे, एनॉक.

गाव सोडून तुला वीस वर्षं झाली, म्हणून आठवण करून देते. कुमारी मुलगी गेली की तिच्या मैत्रिणी विलोच्या काड्यांवर कागदी गुलाब लावून मुकुट करतात, खाली कागदाचे हातमोजे बांधतात. तो तीन रविवार दारात टांगायचा. मुलीच्या वागण्याबद्दल कुणाला काही म्हणायचं असेल त्याने तो काढावा आणि सगळ्यांसमोर बोलावं. कुणी हात लावला नाही तर तो वर तुळईला जातो आणि आपणहून गळून पडेपर्यंत तिथेच राहतो. एकदा वर गेल्यावर जो कुणी तो हाताने उतरवील, तो मुलीवर आळ घेतो.

लेटी गिरणीवाल्यांकडे कामाला होती, आठवड्याच्या तापात गेली. तो ताप नव्हता, गिरणीवाल्याच्या पोराचं पाप होतं, असं कोण कुजबुजत होतं ते तुला ठाऊक आहे. ते तीन रविवार मी दारात उभी राहून आत येणाऱ्या प्रत्येकाच्या डोळ्यांत बघितलं. चर्चची झाडलोट करणाऱ्या पुर्किसबाईच्या तर जरा जास्तच. कुणाची छाती झाली नाही. तो मुकुट वर आहे म्हणून मी या गावात मान वर करून चालते.

हे काम तुमच्या सुतार-गवंड्यांच्या कारखान्याला मिळालंय असं ऐकते. मालकांना सांग, आमची माणसं मुकुटांना हात लावणार नाहीत. एवढंच कर. रोझॅनाला आणि मुलांना आशीर्वाद. भावाची माया कामाला येते की नाही ते या खेपेला बघते.

तुझी,
डॉर्कस

विंचेस्टर
१४ मार्च १८७२

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्र वाचताना तू समोर कमरेवर हात ठेवून उभी आहेस असं वाटलं. तू म्हणतेस ते खरं आहे, काम आम्हालाच मिळालंय आणि मुकादम मीच आहे.

राग मानू नकोस, पण मला या कामाचा आनंद झाला. गेल्या शुक्रवारी मोजमापाला आलो, तू बाजाराला गेली होतीस. तेव्हा वेदीपुढच्या कोरीव जाळीवर कुणा गाढवाने थापलेला चॉकलेटी रंग मी जरासा खरवडून बघितला. खाली अख्खी द्राक्षवेल आहे, आणि एका पानाआड कारागिराने गंमत म्हणून बोटाएवढी गोगलगाय कोरलीय. चारशे वर्षं ती तिथे आहे आणि आपण लहानपणी त्याच जाळीला पाठ टेकून बसायचो! दारासमोरच्या भिंतीवर चुन्याखाली एक भलामोठा रंगवलेला पाय निघालाय. खांद्यावर बाळ घेऊन नदी ओलांडणारे संत ख्रिस्तोफर असणार. असं काम आता कोण करतं, ताई?

मुकुटांचं म्हणशील तर त्या तुळया कुजल्यात. बोट घातलं तर आत जातं. त्या बदलल्या नाहीत तर एखाद्या रविवारी कुणाच्या तरी टाळक्यात बसतील. तेव्हा मुकुट तिथे राहणं कठीण दिसतं. पण लेटी माझीही भाची होती. तिच्या मुकुटाच्या एका पाकळीला धक्का लागू देणार नाही. तू उगाच डोक्यात राख घालून घेऊ नकोस, सगळं माझ्यावर सोपव.

रोझॅनाने लोणच्याची कृती मागितली आहे. धाकट्यावरचा लोभ कमी होऊ देऊ नये.

तुझा,
एनॉक

अपहॅलो
२० एप्रिल १८७२

एनॉक,

आशीर्वाद लिहायला बसले होते, लेखणी पुढे सरकेना.

काल शुक्रवार. शुक्रवारी मी लोणी-अंडी घेऊन अँडोव्हरच्या बाजाराला जाते हे तुला माहीत आहे. माहीत होतं म्हणूनच तू शुक्रवार धरलास. संध्याकाळी घरी आले तर शेजारीण दारात उभी, तोंड पाडून. म्हणाली की तुझा भाऊ शिडीवर चढला, लेटीचा मुकुट स्वतःच्या हाताने उतरवला, पेटीत घातला आणि गाडीत बसून निघूनही गेला. सख्ख्या बहिणीच्या दारावरून गाडी नेलीस आणि पाणी प्यायला थांबला नाहीस!

बाकीचे सहा मुकुट मजुरांनी नंतर झाडूने पाडले आणि गिलाव्याच्या ढिगाबरोबर जाळले. त्या मुलींच्या घरचं आता गावात कुणी उरलेलं नाही. झाडूने पाडले म्हणजे पाद्रीसाहेबांचं खूळ, असं म्हणून लोकांनी सोडून दिलं. लेटीचाही तसाच पाडला असतास तर मी पाद्र्याच्या नावाने बोटं मोडली असती आणि गाव माझ्या बाजूने उभं राहिलं असतं. पण तू तेवढा एकच आधी, वेगळा, हलक्या हाताने काढलास आणि लपवून नेलास. सख्ख्या मामाने! फरशी पुसायला पुर्किसबाई तिथेच होती. ती आता घरोघर सांगते की बघा, मामाला सगळं ठाऊक होतं, चारचौघांत काही निघायच्या आत त्याने गुपचूप आवरून घेतलं.

लेटी जाऊन सहा वर्षं झाली. इतकी वर्षं त्या बाईचं तोंड बंद होतं. तू ते उघडून दिलंस.

आणि तुझा तो ख्रिस्तोफर. साहेबांना भिंतीचे दगड बघायचे होते, म्हणून गुरुवारी मजुरांनी तो सगळाच्या सगळा खरवडून काढला. जुनं परत आणायला निघालेत!

लोणच्याची कृती रोझॅनाला वेगळी पाठवते. तिचा यात काही दोष नाही.

डॉर्कस

विंचेस्टर
२५ एप्रिल १८७२

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

मलाही राग येतो, ताई. तो फक्त तुलाच येतो असं समजू नकोस.

साहेबांनी सगळे मुकुट जाळायचा हुकूम सोडला होता. मी मुकादम आहे, मालक नाही. हुकूम मोडता येत नव्हता म्हणून मी आधी जाऊन आपला मुकुट वाचवला. तू समोर असतीस तर मला ते जमलं नसतं, म्हणून शुक्रवार धरला. तुझ्या दारावरून गेलो तेव्हा मान खाली घालून गेलो, हे कबूल. पण बाकीच्या सहांची राख झाली आणि लेटीचा मुकुट माझ्या कपाटात मऊ फडक्यात गुंडाळून ठेवलाय, पाकळीन् पाकळी शाबूत. याबद्दल मला शिव्या?

गावातल्या चार रिकामटेकड्या बायका काय बोलतात त्याला किती किंमत द्यायची? आपली लेटी कशी होती हे आपल्याला ठाऊक आहे, तेवढं पुरे नाही का? पेटी गाडीवानाबरोबर पाठवतो. घरात उशाशी ठेव. मुकुट त्या गळक्या छपराखाली टांगलेला असण्यापेक्षा तिथे बरा.

राग गेला की चार ओळी लिही. तोवर वाट बघणारा,

एनॉक

अपहॅलो
२८ ऑगस्ट १८७२

एनॉक,

पेटी न उघडता परत पाठवली ती मिळाली असेल. घरात मुकुट ठेवणं म्हणजे मुलगी चर्चने परत पाठवली असं कबूल करणं. एवढंही तुला समजू नये?

उन्हाळा कसा गेला ते ऐक. माझ्या मेंढ्यांची लोकर कातरायला दरवर्षी येणारी माणसं यंदा आली नाहीत, काही ना काही निमित्त निघालं. लेटीचा मुकुट जिने आपल्या हाताने बांधला होता, ती बेट्सी आता लेकुरवाळी आहे. परवा मला बघून ती रस्ता ओलांडून पलीकडे गेली. घरी येऊन मी रडले नाही, एक मातीचं भांडं फोडलं.

तू म्हणतोस, आपल्याला ठाऊक आहे तेवढं पुरे. तू शहरात राहतोस. तिथे शेजारच्या जिन्यावर कोण मेलं तेही कुणाला कळत नाही. मला इथेच जगायचंय, आणि लेटीला इथेच मातीत पडून राहायचंय. तिच्या थडग्यावरून लोक रोज चर्चमध्ये जातात.

रीत तुला ठाऊक आहे. ज्याने मुकुट उतरवला त्याने सगळ्यांसमोर उभं राहून बोलायचं. सेंट मायकेलच्या सणाला, २९ सप्टेंबरला, रविवार आहे. चर्च पुन्हा उघडायला बिशपसाहेब येणार आहेत, सगळं गाव जमेल. त्या दिवशी ये आणि बोल. ते जमणार नसेल तर यापुढे पत्र लिहू नकोस. लोभ असावा असं शेवटी लिहायची पद्धत आहे. मी लिहीत नाही.

डॉर्कस

विंचेस्टर
१० सप्टेंबर १८७२

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

मालकांना विचारलं. ते म्हणाले की बिशपांसमोर तमाशा केलास तर दुसऱ्या दिवशी कामावर येऊ नकोस. लॅव्हिंग्टनसाहेबांच्या ओळखीने आणखी चर्चची कामं यायची आहेत. मला चार मुलं आहेत, ताई. तू सांगतेस ते माझ्याच्याने होणार नाही. मला माफ कर, नाहीतर करू नकोस.

एनॉक

विंचेस्टर
३ ऑक्टोबर १८७२

ती. वन्सं यांस,
नमस्कार वि. वि.

मी तुम्हाला कधी उलटून बोलले नाही, आज बोलणार आहे. रविवारी हे पहाटे उठून चांगला कोट घालून बाहेर पडले. कुठे जाताय ते सांगितलं नाही. सोमवारी कामावर गेले आणि तासाभरात हत्यारांची पेटी खांद्यावर घेऊन परत आले. मालकांनी काढून टाकलं. सतरा वर्षांची नोकरी! काय झालं विचारलं तर म्हणतात ताईला विचार, आणि पोरासारखे हसतात. मला रडू येतंय आणि हे हसताहेत.

तुमची लेक गेली याचं मलाही दुःख आहे. पण गेलेल्या मुलीपायी तुम्ही माझ्या जित्या मुलांच्या तोंडचा घास काढलात. एका कागदाच्या मुकुटासाठी! तुम्ही यांच्याकडून काय करवून घेतलंत ते मला कळायलाच हवं. उत्तर लगेच यावं, लोभाचं मग बघू.

सौ. रोझॅना

अपहॅलो
८ ऑक्टोबर १८७२

चि. सौ. रोझॅना हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तू रागावलीस ते बरोबर केलंस. तुझ्या जागी मी असते तर पत्र लिहीत बसले नसते, तडक इथे येऊन उभी राहिले असते.

आधी पोटापाण्याचं. आमच्या वडिलांची सुतारकामाची जागा रिकामी पडलीय आणि गावचा गाड्या करणारा सुतार म्हातारा झालाय, त्याचं काम एनॉकला मिळेल. तुम्ही सगळे इकडे या. मुलांना दूध-लोणी मुबलक मिळेल. शहराइतकं सुख मिळणार नाही, पण उपाशीही राहणार नाहीत. हा उपकार नव्हे, मी तुझं देणं लागते.

आता काय झालं ते. एनॉकने येणार नाही असं मला स्वच्छ कळवलं होतं, तेव्हा मी त्याला मनातून पुसून टाकलं होतं. तरी चर्चला गेले. घरी बसले असते तर पुर्किसबाई जिंकली असती. नवी बाकं, उघडे दगड आणि रंग उतरवलेली ती जाळी. खोटं कशाला बोलू, जाळी सुंदर दिसते. बाकी सगळं बोडकं. बिशपसाहेबांचं प्रवचन संपलं आणि मागे दाराशी कुणीतरी उठून उभं राहिलं. बघते तर एनॉक, हातात पेटी.

तो मधल्या वाटेने पुढे आला. आवाज इतका चिरकत होता की आधी मला त्याची लाजच वाटली. म्हणाला की लेटीचा मुकुट मी उतरवला, मी तिचा मामा आहे, तिच्याविरुद्ध मला काहीही ठाऊक नाही, ती स्वच्छ होती, आणि उतरवला तो माझ्या भित्रेपणामुळे. पाद्रीसाहेब म्हणाले की खाली बसा. तो बसला नाही. गावाकडे वळून त्याने विचारलं की लेटीबद्दल कुणाला काही म्हणायचं असेल तर आता म्हणा, मी उभा आहे. मी पुर्किसबाईकडे बघितलं. बाई प्रार्थनेच्या पुस्तकात डोकं खुपसून बसली होती आणि पुस्तक उलटं होतं.

कुणी बोललं नाही. तुझ्या नवऱ्याने पेटी उघडली, मुकुट काढला आणि त्या कोरीव जाळीच्या मधोमध, द्राक्षवेलीच्या एका वळशाला अडकवला. बिशपसाहेबांच्या नाकासमोर. पाद्रीसाहेबांचा चेहरा लालबुंद झाला. चार ढांगांत जाळीशी येऊन त्यांनी मुकुट ओढून काढायला हात वर केला.

मी कधी उठले ते मलाच कळलं नाही. गुडघ्याचीही आठवण राहिली नाही. म्हणाले, साहेब, खुशाल काढा, पण आमच्याकडे जो काढतो त्याला बोलावं लागतं. आमच्या लेटीचं तुम्हाला काय ठाऊक आहे ते आधी सगळ्यांसमोर सांगा.

तेवढ्यात बेट्सी तिचं मूल कडेवर घेऊन उभी राहिली. मग तिचा नवरा. मग एकेक करत सगळं चर्च उठलं. बिशपसाहेबांनी लॅव्हिंग्टनसाहेबांकडे बघून हळूच विचारलं की तुम्हाला या मुलीबद्दल खरंच काही ठाऊक आहे का. पाद्रीसाहेबांचा हात तसाच वर राहिला होता, मुकुटापासून वीतभर अंतरावर. नाही, म्हणाले, आणि हात खाली घेतला.

मुकुट तिथेच आहे. आज सकाळी पुर्किसबाई जाळी पुसत होती. मी दारात उभी राहून बघत होते. तिने सगळी जाळी पुसली, आणि मुकुटाशी आल्यावर फडकं खाली ठेवलं आणि कागदावरची धूळ तोंडाने फुंकून काढली.

तुझी,
वन्सं