ओन्नोंचा बास आणि माझा क्लच

८ एप्रिल
मोटरसायकल शिकवणीचा पहिला तास. घडलं ते असं:
१. मी मोटरसायकलवर पुढे. शिक्षक ओन्नो यानसेन गाडीत मागे. त्यांच्या सूचना माझ्या हेल्मेटमधल्या स्पीकरवर येतात. मला उत्तर देता येत नाही.
२. "पुढच्या चौकात डावीकडे" असं सांगून त्यांनी माइकचं बटण सोडलं. बटण वर आलं नसावं, कारण माइक चालूच राहिला.
३. त्यांच्या गाडीत खलाशांची गाणी लागली.
४. ओन्नो सोबत गाऊ लागले. खालच्या, जाड 'बास' आवाजात.
५. तास संपेपर्यंत गात होते.

नंतर त्यांनी विचारलं, कसं वाटलं? मी म्हणाले, ठीक. ते म्हणाले, बापरे, किती बोलतेस!

किरकोळ तांत्रिक बिघाड आहे. पुढच्या वेळी सांगेन. मी श्रवणयंत्रांच्या कंपनीत आवाज आणि लोकांची श्रवणशक्ती मोजते. गोंगाटातून शब्द वेगळा काढणं हे माझं रोजचं काम. मला त्रास होणार नाही.

थिअरी परीक्षेचा निकाल ३० जूनपर्यंतच ग्राह्य आहे. त्याआधी रस्त्यावरची परीक्षा पास झाले नाही तर सगळं पहिल्यापासून. होईनच. स्वतःची मोटरसायकल विकत घेऊन अंगणात उभी केली आहे. जुलैतल्या नॉर्वेच्या बोटीचं तिकीटही काढलं आहे.

११ एप्रिल
सांगितलं नाही. कारण आहे.

दोन गाण्यांच्या मध्ये ओन्नो स्वतःशी बोलले. बंदरातल्या गायकवृंदात ते आहेत. जत्रेच्या कार्यक्रमात हाबो नावाचा संचालक त्यांना मागच्या रांगेत ढकलणार आहे. "दाखवतोच त्याला. स्वतः बोकडासारखा गातो आणि मला शिकवतो!" मग हळूच, "पण खरंच मी सुराच्या खाली राहतो का?"

हे खासगी आहे. आता माइकचं सांगितलं तर हेही ऐकलं हे त्यांना कळेल. स्पीकर काढून ठेवला तर सूचनाही जातात. म्हणजे ऐकणं भाग आहे.

निर्णय: वाट पाहणे. बटण सुटेल.

२५ एप्रिल
बटण सुटलेलं नाही.

जेवणाच्या सुट्टीत सहकारी इम्केला सांगितलं. ती म्हणाली, अगं, एक वाक्य आहे, ओन्नो, माइक चालू आहे. मी म्हणाले, ती वेळ गेली, आता ते अवघड झालंय. ती म्हणाली, दिवसभर लोकांना तोंडावर सांगतेस, तुम्हाला कमी ऐकू येतं, आणि या म्हाताऱ्याला गप्प बसा म्हणवत नाही तुला?

ग्राहकांच्या वेळी माझ्याकडे श्रवणचाचणीचा आलेख असतो. इम्केला फरक कळत नाही.

६ मे
गिअर आता स्वच्छ पडतात. ओन्नो म्हणाले, लोण्यातून सुरी!

सराव. बाकी काही नाही. गिअर नेमका गाण्यातल्या "हय्या हो"वर पडतो, हे मी नोंदवलं आहे, पण त्याला अर्थ नाही. ही गाणी वीस जणांनी एक दोर ओढावा म्हणून रचलेली. त्या ठोक्यावर हात आपोआप ओढतो. दोराऐवजी क्लच, इतकंच. तात्पुरता आधार आहे, हवा तेव्हा सोडता येईल.

२० मे
रस्त्यावर मांडलेल्या प्लास्टिकच्या कोनांमधून चालण्याच्या वेगाने नागमोडी: एकही कोन हलला नाही. पूर्ण वेगातून तातडीचा ब्रेक: शेवटच्या ठोक्यावर, रेषेच्या आत. ओन्नो खूश. परीक्षेला नाव देतो म्हणाले.

एक नोंद. आज त्यांनी नवं, संथ गाणं लावलं. कडवं संपेना, म्हणून मी वर्तुळचौकातून बाहेर पडले नाही. दोन फेऱ्या झाल्या. नंतर सांगितलं की मुद्दाम सराव करत होते. ते म्हणाले, कर की, पण पेट्रोल माझं आहे, पोरी.

३ जून
परीक्षा १० तारखेला. परीक्षक ओन्नोंच्या गाडीत मागच्या सीटवर बसणार. त्यांच्यासमोर ओन्नो गातील का, हा प्रश्न रात्रभर डोक्यात होता. म्हणजे मी चिंतेत होते असं नाही. विचार करत होते.

निष्कर्ष: साठी उलटलेला माणूस सवय सोडत नाही. उपाय करण्याची गरज नाही.

१० जून, सकाळ
झोप पुरेशी. हात स्थिर. तयारी पूर्ण.

१० जून, दुपार
ओन्नो गायले नाहीत.

बटण अडकलेलंच होतं. हेल्मेटमध्ये इंडिकेटरची टिकटिक, परीक्षक बाईंचं पान उलटणं आणि ओन्नोंचा श्वास. बाकी शांतता. इतकी शांतता मी कंपनीच्या चाचणीखोलीतही ऐकलेली नाही.

नागमोडीत दुसराच कोन पाडला. पुन्हा एक संधी मिळाली. ती मनातल्या मनात मोजून निभावली.

मग स्टेशनजवळचा सिग्नल. हिरवा झाला. मी उभी राहिले. गाण्याची ओळ सुरू व्हायची वाट पाहत होते, हे नंतर लक्षात आलं. लाल झाला. पुन्हा हिरवा. मागून पाववाल्याची गाडी हॉर्न देत होती. बाईंनी विचारलं, ही कशाची वाट पाहतेय? ओन्नो म्हणाले, मुलगी विचारी आहे. तिसऱ्या हिरव्याला क्लच सोडला तो अवेळी. इंजिन बंद.

नापास.

१० जून, संध्याकाळ
बाई गेल्यावर ओन्नोंनी थर्मासमधला चहा दिला. खडीसाखरेसकट. विचारलं, काय झालं गं? मी म्हणाले, तुम्ही गायला नाहीत.

ते म्हणाले, तुला ऐकू येत होतं? म्हणाले, बटण अडकतं हे ठाऊक आहे मला. पण इतर पोरं पहिल्याच दिवशी गाडी कडेला घेऊन ओरडतात, ओन्नो, तोंड बंद! तू काहीच बोलली नाहीस. म्हटलं, या खेपेला सुटलं वाटतं.

म्हणजे एक वाक्य पुरलं असतं. हे इम्केला सांगण्याची आवश्यकता नाही.

मग त्यांचे कान लाल झाले. हाबोचंही ऐकलंस? मी हो म्हणाले. कपात बघत ते म्हणाले, मग सांगून टाक, खाली राहतो का मी? आवाजाच्या बाबतीत मी खोटं बोलत नाही. सांगितलं, राहता. पण ताल अचूक आहे. अगदी अचूक.

त्यांनी चहा ढवळला. म्हणाले, तालाचं हाबो कधी बोललाच नाही.

११ जून
इम्केला सांगितलं, परीक्षा तांत्रिक कारणाने पुढे गेली. ती म्हणाली, कोणत्या? मी म्हणाले, ध्वनीच्या.

कामावरून आल्यावर अंगणात माझ्या मोटरसायकलवर बसले. इंजिन बंद ठेवून क्लच, गिअर, क्लच. हात हलेना. आजूबाजूला कुणी नाही असं पाहून "हय्या हो" म्हटलं. हलला. खिडकीतून शेजारीण बघत होती.

ओन्नोंना पाठवलेला निरोप, जसाच्या तसा:

ओन्नो, पुन्हा परीक्षेला २६ जूनची वेळ मिळते आहे. माझी थिअरी ३० ला संपते, त्यामुळे ही शेवटची संधी. त्याआधी तीन तास हवेत. पहिल्यात पूर्ण गाणं. दुसऱ्यात गाडीतली गाणी बंद, फक्त तुमचा आवाज. तिसऱ्यात तोंड मिटून गुणगुणणं. आधार टप्प्याटप्प्याने काढण्याची ही मान्य पद्धत आहे. परीक्षेच्या दिवशी गाऊ नका. सिग्नल हिरवा झाला की फक्त एकदा खाकरा. जमेल की नाही, ते शुक्रवारपर्यंत कळवा. फेन्या.