उन्हापासून जपलेलं सोलर

तीर्थरूप मामांना साष्टांग नमस्कार. (साष्टांगमधली आठ अंगं कुठली ते विचारू नका, इंग्लिश मीडियम आहे, सांभाळून घ्या.) तुमचा गुडघा कसा आहे? मामी अजून जिना चढू देत नाहीत ना? नकाच चढू. वर गेल्यावर काय काय बघायला मिळतं ते सांगते. फोनच केला असता, पण आई शेजारी बसून सगळं ऐकते.

आमच्या गच्चीवर सोलर बसलं हे तुम्हाला माहीत आहेच, मी अख्ख्या खानदानाला फोटो पाठवले होते. बाबांना पटवताना तोंडाला फेस आला. शेवटी अट घातली त्यांनी: महिनाअखेर बिल उतरलं नाही, तर पॅनेल खाली आणि तिथे त्यांच्या कुंड्या. सुरुवातीला मोबाईलवरचा तयार झालेल्या विजेचा आकडा असा पळत होता की मी जेवताना पण तोच बघायचे. मग एकदम शून्य. बाहेर मरणाचं ऊन आणि आकडा शून्य. कंपनीला इतके फोन केले की तिथली बाई मला "बोल गं" म्हणायला लागली. इकडे बाबा टेप घेऊन गच्चीची मापं काढायला लागले. शेवटी टेक्निशियन आला, वर गेला, तसाच खाली आला. म्हणाला, "ताई, पॅनेलला थंडी वाजतेय का?"

बघते तर सगळ्या पॅनेलवर कव्हर. जाड, फुलाफुलांचं, नाड्या बांधलेलं. (कापड तुमच्याच दुकानातलं, मामा. "गाडीला हवंय" सांगून आईने तुमच्याकडूनच शिवून घेतलं. आमच्याकडे गाडी कुठे आहे, हे एका शब्दाने विचारावं की नाही?) आई म्हणाली, "नवी वस्तू अशी उन्हात टाकतात का? काळी पडेल."

"आई, ती काळीच आहे."

"मग रंग उडेल."

ज्या घरात रिमोटला प्लास्टिक, सोफ्याला कव्हर आणि त्या कव्हरवर टॉवेल, तिथे मला आधीच कळायला हवं होतं. खूप भांडून तडजोड झाली, सोफ्याच्याच नियमाने. पाहुणे आले की कव्हर काढायचं, गेले की घालायचं.

बाकी सगळे मजेत. सहज आठवण आली म्हणून लिहिलं.

तुमची लाडकी (निदान अजून तरी) भाची

ता. क. सहज नाही लिहिलं. महिना संपत आलाय. सगळे राहायला या, बॅगा भरून या.

पुन्हा ता. क. आईने पत्र वाचलं. म्हणते, "भाऊ कुठला पाहुणा? तो घरचाच." तेव्हा तुम्ही राहू द्या, दुकानातलं एखादं रुबाबदार गिऱ्हाईक पाठवा. फक्त संध्याकाळी नको. संध्याकाळच्या पाहुण्याचा आम्हाला काही उपयोग नाही.