दारातला राक्षस

सुयश,

तू नोकरीसाठी पुण्याला पळाला आणि आपला अर्धवट गेम माझ्या गळ्यात टाकून गेला. शहरात उस्मानपुऱ्याच्या खोलीत बसून आपण त्यात आपलं गाव हुबेहूब उभं केलं होतं, गल्लोगल्ली राक्षस सोडले होते. पुढं कारखान्यापायी खरं गाव उठलं. आता करमाडला जाऊन राहिलेल्या गावातल्या बाया माझ्याकडं येतात आणि स्क्रीनवर आपापलं दार शोधतात. पारापुढून जाताना खरोखर डोक्यावर पदर घेतात. भामाबाईला तिच्याच उंबऱ्यावर राक्षसानं मारलं, तवा ती लई रडली. मग मी सगळे राक्षस काढले, बंदुका काढल्या. गेम गेला, नुसतं गाव राहिलं.

एक राक्षस तेवढा निघत नाय. सगळ्यात मोठा, शेवटचा. तो तू आपल्याच घरात बसवला आणि वरून पासवर्ड लावला. फोनवर मागितला तर हसला, "ताई, अजून त्यातच हायेस का?" हे वाचूनही हसशील, म्हणून पत्र पाठवत नाय.

आई रोज आपल्या दारापर्यंत जाते आणि रोज मरते. काल मी चिडून म्हणलं, तिकडं जाऊच नको.

"मारू दे गं," ती म्हणाली. "घरात पोराचं तेवढंच राहिलंय."

खाली 'तुझी ताई' असं लिहवत नाय.

सरिता