लाइनमनचा नवा खांब

तीर्थस्वरूप अक्कास,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार. साष्टांग हे नुसतं लिहायचं म्हणून लिहिलेलं नाही. आठही अंगं एकदम जमिनीला टेकवून पडायचा गेल्या दीड महिन्यात मला चांगला सराव झालाय, तेव्हा हा नमस्कार अगदी खरा समज. तुझे गुडघे कसे आहेत? डॉक्टरने सांगितलेले व्यायाम करतेस, की त्यांची चिठ्ठी उशाखाली ठेवून झोपतेस? भाऊजींचा खोकला, मागच्या खोलीचं गळकं छप्पर आणि तुझ्या शिलाई मशीनचा पट्टा, या तिघांची तब्येत सविस्तर कळव. इकडे मी मजेत आहे. (मजेत म्हणताना उजवी मांडी, डावी बगल आणि दोन्ही पोटऱ्या हिशेबात धरू नयेत.)

मागच्या पत्रात तू मला जी काही झाडलीस ती मी उभ्यानेच वाचली, बसून वाचायची हिंमत झाली नाही. तू लिहिलंस की पोरीकडे जा, दार वाजव आणि चुकलो म्हण. तीन कामं आहेत, एका दमात होतात. त्याचा अहवाल असा की पहिली दोन कामं वेळेत पूर्ण झाली असून तिसरं प्रगतिपथावर आहे. (आम्ही वीज कंपनीत असंच लिहायचो. त्याचा अर्थ खड्डा खणलाय, खांब अजून आलेला नाही.)

तुला सगळं ठाऊक आहे, तरी आरोपीला आपली बाजू पुन्हा मांडायचा हक्क असतो. पोरीने प्रयोगशाळेतली पक्की नोकरी सोडून पोल डान्सचा क्लास काढला, तेव्हा मी एक अक्षर बोललो नव्हतो. उद्घाटनाला इस्त्रीचा शर्ट घालून, हातात फुलं घेऊन गेलो. पण दारातल्या मांडणीवर ते बूट दिसले. अक्का, वीतभर उंच टाच, तीही आरपार दिसणारी! माझे पाय उंबऱ्यावरूनच मागे फिरले. संध्याकाळी फोन करून मी तिला म्हणालो की चौतीस वर्षं मी खांबावर चढलो ते तू असले बूट घालून पुन्हा खांबावर चढावंस म्हणून नाही. वाक्य जमलं होतं, तेच वाईट झालं. अर्धा तास मी स्वतःवर खूश होतो, आणि मग दोन वर्षं घरात एकटा होतो. ती रविवारी फोन करते, रक्तदाबाची गोळी घेतली का विचारते, आणि दीड मिनिटात ठेवते. घरी म्हणून आली नाही. तिची आई असती तर तिने दोघांच्याही पाठीत एकेक रपाटा घालून चार दिवसांत मिटवलं असतं. आमच्यात मध्ये कुणी राहिलं नाही, आणि आम्ही दोघंही मोडू पण वाकणार नाही असल्या जातीचे.

तर तुझ्या आज्ञेप्रमाणे गेलो. दोन जिने चढून क्लासचं दार वाजवलं. वाटेत ‘चुकलो’ हा एकच शब्द घोळवत होतो, तीन अक्षरांचा, काही जोडाक्षर नाही. पण दार उघडलं तर ती समोर, आणि तिच्या पाठीमागे अर्ध्या चड्ड्या घातलेल्या पाच बायका वॉर्मअप थांबवून माझ्याकडे बघतायत.  आणि माझ्या तोंडातून निघालं, प्रवेश चालू आहेत का?  पोरीने फॉर्म माझ्यापुढे सरकवला. माघार घ्यायची म्हटली तर पाच साक्षीदार होते. बसलो भरायला. पूर्वानुभव या रकान्यात ‘चौतीस वर्षे’ असं लिहिलं, त्यात खोटं काही नाही. शेवटी रकाना होता की काही झाल्यास कोणाला कळवावं. आता तूच सांग, तिथे दुसरा कुठला नंबर लिहिणार होतो? तिचाच लिहिला. तिने फॉर्म वाचला आणि स्टेपलर आणते म्हणून आत गेली. स्टेपलर टेबलावरच होता. परत यायला तिला बराच वेळ लागला.

पहिल्या तासाला मी पूर्ण तयारीनिशी गेलो: कमरेचा पट्टा, रबरी हातमोजे, जाड तळाचे बूट. मॅडमनी (क्लासमध्ये मी तिला मॅडमच म्हणतो, शिस्त ती शिस्त) सगळं उतरवायला लावलं. इथे पकड कातड्याची असते, म्हणून पाय उघडे, मांड्या उघड्या, आणि नवशिक्याने अनवाणीच शिकायचं. खांब ओरखडतो म्हणून अंगठी, घड्याळ काढायचं. अंगाला तेल, मलम काही लावायचं नाही, आदल्या दिवसापासून नाही. हा शेवटचा नियम मला कळला तेव्हा उशीर झाला होता. शुभकार्याला जातोय म्हणून मी सकाळीच मानेपासून घोट्यापर्यंत तेल जिरवून घेतलं होतं, आणि ते पुरतं जिरलं नव्हतं. मी मोठ्या रुबाबात खांबाला पाय लावून वर उसळलो आणि ज्या वेगाने खाली आलो त्या वेगाने आमच्या खात्यात कधी कुठलं काम झालेलं नाही. खाली जाड गादी होती म्हणून वाचलो. नंतर सहा बायकांनी (मॅडम धरून) तो खांब स्पिरिटने तीनदा पुसला. बरं, हा खांब फिरतोही. बुडाशी एक पेच आहे, तो सैल केला की माणसासकट गरागरा. कंपनीच्या एकाही खांबाने माझ्याशी असला चावटपणा केला नव्हता.

दुसऱ्या आठवड्यात जे घडलं ते दुसऱ्या कुणाकडून तुझ्या कानावर येण्याआधी मीच सांगतो. त्या दिवशी मी लवकर पोचलो. मॅडम किल्ली ठेवून खाली पाणी आणायला गेल्या होत्या. म्हटलं, बाकीच्या यायच्या आत थोडा सराव करावा. आता जित्याची खोड! खांबाला हात लावायच्या आधी मेन स्विच बंद करायचा, फ्यूज काढून स्वतःच्या खिशात घालायचा आणि पाटी अडकवायची, हे माझ्या हाडात इतकं मुरलंय की मी ते केल्याचं मलाच कळलं नाही. जिन्यातला जुना बोर्ड, अख्ख्या मजल्याची लाइन त्यावर. मग कपडे बदलून, पँट खुंटीला टांगून, खिडकीच्या उजेडात मी निवांत पोटऱ्यांची मिठी (म्हणजे खांब दोन्ही पोटऱ्यांत आवळून धरायचा) शिकत बसलो. पाचच मिनिटांत जिन्यात हलकल्लोळ उडाला. शेजारी दाताचे डॉक्टर आहेत. त्यांचं यंत्र एका गृहस्थाच्या तोंडात अर्ध्या दाढेवर थांबलं होतं आणि त्या गृहस्थाला तोंड मिटताही येत नव्हतं आणि शिव्याही देता येत नव्हत्या. आमच्या क्लासातली बेकरीवाली बाई ओरडली की घाबरू नका, आपल्यात लाइनमन आहेत! झालं. मी अर्ध्या चड्डीत छाती काढून बाहेर आलो, बोर्ड उघडला आणि सगळ्यांना गंभीरपणे सांगितलं की कुणीतरी गाढवाने फ्यूज काढून नेलाय. आम्ही पाऊण तास तो फ्यूज शोधला, अक्का. डॉक्टरांच्या कंपाउंडरवर संशय घेतला, त्याचे खिसे तपासले. शेवटी मॅडम बोर्डापाशी आल्या, उघड्या झाकणाआड गेलेली पाटी वाचली. ‘माणूस खांबावर आहे, चालू करू नये’ असं खडूने लिहिलेलं, अक्षर तिच्या ओळखीचं. ती सरळ आत गेली, माझ्या पँटच्या खिशातून फ्यूज काढला आणि माझ्या हातावर ठेवला. आणि मग ती हसली. जिन्याचा कठडा धरून, वाकून, डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसली. दोन वर्षांनी मी तिचं हसू ऐकलं. डॉक्टरांचे सतरा बोल मी आनंदाने खाल्ले.

आता माझ्या अंगाविषयी. काळे-निळे डाग आहेत, नाकारत नाही. मांडीवरचा जुना पिवळा पडत चाललाय, नवा वांग्याच्या रंगावर आहे. क्लासात बायका आपापले डाग एकमेकींना दाखवतात, नि माझा पोटरीवरचा डाग सगळ्यांत मोठा ठरल्यावर बेकरीवालीने टाळ्या वाजवल्या. पण मॅडमचं लक्ष कडक. डाग पडला की लगेच गार पट्टी, चोळायचं नाही, सुजेवर सूज चढवायची नाही, एकाच बाजूने सारखं करायचं नाही, आणि मधला एक दिवस पूर्ण विश्रांती. गेल्या सोमवारी तिने माझी मांडी चष्मा लावून अशी तपासली जशी ती प्रयोगशाळेत काच तपासत असेल. मग विचारलं की दुखतंय का. मी नाही म्हणालो. खोटं होतं ते. पण तिने इतक्या जवळून मला काही विचारून किती दिवस झाले होते!

आणि ते बूट. एके दिवशी धीर करून विचारलंच, की मॅडम, हे आम्हाला कधी मिळणार? म्हणाली, वर्षभर तरी नाही. आधी घोटे पक्के व्हावे लागतात, गुडघ्याला पट्ट्या लागतात, ओल्या जमिनीवर पाऊल ठेवायचं नाही, आणि घालायच्या आधी दर वेळी बंद आणि बक्कल ओढून बघायचं.  अगं, मी नव्या पोरांना सहा महिने वर चढू देत नव्हतो, आणि पट्ट्याचं बक्कल ओढून दाखवल्याशिवाय शिडीला हात लावू देत नव्हतो. शब्द न् शब्द तोच! ही माझ्याकडूनच शिकली, आणि मी तिच्या दारातून परत फिरलो होतो. त्या दिवशी तिच्या बुटाचा एक बंद शिवणीत उसवलेला दिसला. कुणाला न सांगता ते बूट पिशवीत घालून घरी आणले. (वाटेत पिशवीतून टाच बाहेर आली होती. बसमध्ये शेजारचा गृहस्थ उठून दुसरीकडे बसला.) माझ्या पट्ट्याला वापरायचो त्या मेणदोऱ्याने दुहेरी टाका घातला आणि गुरुवारी गुपचूप मांडणीवर ठेवले. तिने बंद ओढून बघितला, पुन्हा बघितला, आणि घातले. आणि मग वर गेली. अक्का, मी तिला त्या दिवशी पहिल्यांदा नाचताना पाहिलं. मला नाचातलं काही कळत नाही. पण उंचीवर भीती वाटत नसलेला माणूस आणि भीती नीट ओळखून असलेला माणूस यातला फरक मला कळतो. ती दुसऱ्या जातीची आहे. 

परवा तिने मला पहिल्यांदा उलटं केलं. डोकं खाली, पाय वर, नि ती शेजारी उभी, एक हात माझ्या पाठीशी, नजर हलू न देता. म्हटलं, हीच वेळ. तोंड उघडलं. आणि काय बोललो असेन? की छताचा डावीकडचा बोल्ट सैल वाटतोय. खरंच होता सैल. मी उतरून शिडी लावली आणि आवळून दिला. ती शिडी धरून खाली उभी होती. दीड महिन्यात मी खांबावरून अकरा वेळा पडलो, पण माझ्या तोंडातून तो एक शब्द काही पडला नाही.

असो. इकडची काळजी करू नये. भाऊजींना नमस्कार. तुझा आशीर्वाद असू दे, शक्य तर पाठीच्या खालच्या बाजूला.

तुझा,
धाकटा

ता. क. – दोन अर्ध्या चड्ड्या शिवून पाठव. दुकानात मिळतात त्यात माझी एकच मांडी जाते. सोबत मापाची दोरी आहे, गाठ कमरेची.

ता. क. दुसरा – खरं काम चड्ड्यांचं नाही. तिसरं काम माझ्याच्याने होत नाही, ते माझ्या वतीने तू कर. तिला लिही की तुझा बाप चुकला. बूट बघून बोलला, तुला न बघताच बोलला. त्याच रात्री त्याला कळलं होतं, पण दोन वर्षं ते त्याला उचलता आलं नाही. तिला लिही की घर फार मोठं वाटतं. तुझ्या अक्षरात ते बरं दिसेल.

ता. क. तिसरा – घरातला डिंक संपलाय, म्हणून पाकीट उघडंच आहे. मॅडमच्या वाटेवर टपालपेटी आहे, तिलाच टाकायला देतो. दुसऱ्याची पत्रं वाचायची तिला सवय नाही.

आत्या, हे मी लिहितेय. उघडं पाकीट हातात देऊन बाबांनी मला तीनदा बजावलं की वाचू नकोस, तेव्हा वाचावंच लागलं. दुरुस्त्या दोन. ते अकरा नाही, सव्वीस वेळा पडलेत. माझ्या वहीत तारखा आहेत. आणि डिंकाची बाटली त्यांच्याच पिशवीत होती, काठोकाठ भरलेली. पाकीट त्याच डिंकाने चिकटवते आहे. चड्ड्या शिव, पण तू मला त्यांच्या वतीने काही लिहू नकोस. ते लिहून झालंय. या रविवारी मी फोन करणार नाही, घरी जाणार आहे.