पृथ्वी तिसऱ्या रांगेत

ती. दादास,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार. दुर्बिणीतून डोळा काढशील तेव्हा स्वीकार, घाई नाही. तुझी, वहिनींची आणि तुम्ही राहता त्या डोंगराची प्रकृती ठणठणीत असेल अशी आशा करतो. इकडे सर्व क्षेम आहे. बाबांची तब्येत उत्तम, माझी मशीन उत्तम, आणि रविवारी वाचनालयात ‘जिज्ञासूंसाठी विश्वाचे मोठे प्रश्न’ हा तुझा कार्यक्रम तुझ्याशिवाय पार पडला, तोही उत्तमच म्हणायचा. तू आला नाहीस ते एका परीने बरंच झालं. तू खरी उत्तरं दिली असतीस, तर पुढच्या वेळी लोकांनी विचारायचं काय?

तसं बाबांनी तुझ्या नावाने वाचनालयाला शब्द देण्याची ही चौथी खेप. पहिल्या वेळी तुला धूमकेतू आडवा आला, दुसऱ्या वेळी दुर्बिणीचा आरसा धुवायचा निघाला, तिसऱ्या वेळी कसलीशी समिती बसली ती उठेचना. धूमकेतूचं मी समजू शकतो, त्याला परत यायला शेकडो वर्षं लागतात. (त्या मानाने तुझं बरं आहे, सातच झालीत.) पण बाबांनी तीस वर्षं दुकानादुकानांतली वजनमापं तपासली. त्यांचा शब्द म्हणजे शिक्का मारलेलं वजन, असं इथे सगळे मानतात, निदान तिसऱ्या खेपेपर्यंत मानत होते. चौथ्यांदाही कार्यक्रम रद्द झाला असता, तर त्यांना वाचनालयाची पायरी चढणं मुश्कील झालं असतं. नेमक्या अशा वेळी तू अकरा पानी टिपण धाडलंस आणि वर चिठ्ठी जोडलीस की सोपं आहे, तूच वाचून दाखव. मी तुला कॉलरचं टिपण पाठवतो, तू डोंगरावर बसून एक शर्ट शिवून दाखव. तेही सोपंच आहे.

तर मी वाचलं. बाबा पहिल्या रांगेत, इस्त्रीचे कपडे घालून, हात गुडघ्यांवर ठेवून बसले होते. चौथ्या पानावर तू कंसात ‘इथे थांब, लोक थक्क होतील’ असं लिहिलं होतंस, तेही मी मोठ्याने वाचलं. (कंसातलं वाचायचं नसतं हे तू कुठेच लिहिलेलं नाहीस.) लोक थांबले, थक्क व्हायची वाट बघत राहिले, कोणी झालं नाही. मग प्रश्नोत्तरं सुरू झाली. दाताच्या डॉक्टरांनी विचारलं की विश्व सुरू होण्याच्या आधी काय होतं. मी सातवं पान काढून वाचलं, की तिथे ‘आधी’ हा शब्दच लागू पडत नाही, सबब प्रश्न चुकीचा आहे. डॉक्टर म्हणाले की दाढ दुखते म्हणून आलेल्या माणसाला आपण कधी प्रश्न चुकीचा आहे असं सांगत नाही. येत्या गुरुवारी माझी खालची दाढ त्यांच्याच हातात आहे, हे तुला कळवून ठेवतो.

त्यानंतर आमचा न्हावी उठला. विश्व पसरतंय म्हणता, तर ते पसरतंय कशात, हा त्याचा प्रश्न. तुझं टिपण म्हणतं की ते कशात पसरत नाही, जागाच ताणली जाते. आता हे सभेला पटेना, तेव्हा मी पदरचं एक उदाहरण घातलं की जागा इलॅस्टिकसारखी ताणते. न्हावी म्हणाला, इलॅस्टिकला कंबर लागते, ही कंबर कोणाची? मी आठवं पान बघितलं, नववं बघितलं, तिथे नुसती समीकरणं होती. ती वाचून दाखवली असती तर सभा आपोआप उठली असती, पण बाबा माझ्याकडे आशेने बघत होते, म्हणून मी पुढचा प्रश्न घेतला. तो दवाखान्यातल्या नर्सबाईंचा होता, की एवढ्या मोठ्या पसाऱ्यात आपण एकटेच आहोत का. त्यावर तू ‘अजून माहीत नाही’ एवढंच लिहिलं आहेस. दादा, अख्ख्या टिपणात लोकांना आवडलेलं हे एकच उत्तर. बाईंनी ते वहीत लिहूनसुद्धा घेतलं.

आता मुख्य गोष्ट. सूर्यमालेचं प्रमाणशीर रूप कर, असं तू दहाव्या पानावर फर्मावलं होतंस. सूर्य म्हणजे वीतभरापेक्षा लहान चेंडू, पृथ्वी म्हणजे टाचणीचं डोकं, आणि दोघांत अंतर पंधरा मीटर. गुरूला मी कोटाच्या बाहीचं बटण घेतलं, नेपच्यूनला एक निळा मणी. अंतरं टेपने घेतली, खडूने खुणा केल्या, सगळं स्वतःच्या हाताने. मोजमापाच्या बाबतीत माझा धाकटा चुकायचा नाही, असं बाबांनी ग्रंथपालांना आदल्या दिवशीच सांगून ठेवलं होतं. सूर्य व्यासपीठावर होता, पृथ्वी तिसऱ्या रांगेवर छान लोंबत होती, गुरू न्हाव्याच्या दारात, नेपच्यून दाताच्या दवाखान्यात. लोक मान वर करून पृथ्वीकडे बघू लागले आणि मला वाटलं, जिंकलो.

तेवढ्यात जमीन मोजणी खात्यातून निवृत्त झालेले गृहस्थ उठले. त्यांनी व्यासपीठापासून तिसऱ्या रांगेपर्यंत पावलं टाकली, परत टाकली, आणि जाहीर केलं की हे साडेसात मीटर आहे. साडेसातच होतं, दादा. खांदा सतरा इंच असला तरी दुमडलेल्या कापडावर शिंप्याचा खडू साडेआठवर थांबतो. बावीस वर्षं हात तसाच चालतोय. त्याने तुझी अख्खी सूर्यमाला दुमडलेल्या कापडावर बेतली, बुधापासून नेपच्यूनपर्यंत सगळी निम्मी. मोजणीवाल्यांनी सभेला समजावून सांगितलं की पृथ्वी अशी निम्म्यावर आणली तर ऊन चौपट होतं, म्हणजे तिसऱ्या रांगेतले सगळे भाजून निघाले. तिसरी रांग खो खो हसली. मग पाचवी हसली, तिला तर काही झालंही नव्हतं.

बाबा उठून उभे राहिले तेव्हा हसणं थांबलं. ते म्हणाले, “माप चुकलंय, ते मला मान्य आहे. याला कोणी शिकवलं नव्हतं, तरी हा उभा राहिला. थोरला येईल तेव्हा बरोबर मांडेल.” सगळ्यांनी मान डोलावली. अशी मान लोक कशी डोलावतात ते तुला ठाऊक असेल. ग्रंथपालांनी आभार मानले आणि पंखे बंद केले. बाबांना या सगळ्याचं काही वाटलेलं नाही, ते मजेत आहेत, तू तुझं विश्व सांभाळ. यायचे कष्ट घेऊ नकोस. वहिनींना नमस्कार सांग, डोंगरावर थंडी असेल तर कानाला रुमाल बांधत जा.

तुझा धाकटा

ता. क. वरचं पत्र बाबांनी वाचायला मागितलं. तीन ऱ्हस्व-दीर्घ सुधारून, ‘ते मजेत आहेत’ याखाली रेघ मारून परत दिलं. आता ते आत झोपलेत, मी पाकीट चिकटवायच्या आधी खरं काय ते लिहून घेतो. त्यांच्या मनाला फार लागलंय. तेव्हापासून ते वाचनालयात गेलेले नाहीत, वर्तमानपत्र शेजाऱ्यांकडून मागून आणतात. मला माझ्या चुकीची लाज वाटते, पण तुझा रागही येतो. दोन्ही एकाच वेळी येतं, आणि शिलाई वाकडी जाते.

ता. क. दुसरा. त्या दिवशी घरी येताना त्यांनी मला विचारलं की तुझ्या त्या मापात आपल्या घरापासून थोरल्याच्या डोंगरापर्यंत अंतर किती होईल. मी दुकानात बसून हिशेब केला, या वेळी निम्मं न करता, दोनदा. दोन हजार किलोमीटर म्हणजे फार तर शिवणाच्या दोऱ्याची जाडी. त्यांना दोरा दाखवला. त्यांनी तो चष्मा काढून बघितला आणि म्हणाले, “मग हे काही फार नाही.”

ता. क. शेवटचा. पुढच्या महिन्यातल्या दुसऱ्या रविवारची तारीख त्यांनी मला विचारून, म्हणजे मला न विचारता, वाचनालयाला चिठ्ठीने कळवली आहे. फलकावर तुझं नाव लागलंय. आणि व्यासपीठावर नीट दिसावास म्हणून तुझ्या कोटासाठी कापड आणलंय, गडद निळं, चांगलं आहे. मापं पत्राने पाठवू नकोस, घेणार नाही. माझ्या वहीत तुझी मापं आहेत ती सात वर्षांपूर्वीची, तू जाडा झालास की वाळलास, काही कल्पना नाही. बाबा रोज दुकानात येऊन विचारतात, कोट कुठवर आला. मी सांगतो, बेततोय. कापड अजून घडीतच आहे.