टाइल्सनी प्यायलेलं पाणी

मे, मंगळवार, संध्याकाळ

घरात टाइल्स बसवायचं काम, म्हणून खुर्च्या गच्चीवर. आज मला, एका विनोदी लेखकाला, चहा उभ्यानं प्यावा लागला. मराठी विनोदावरचा हा आघात कुणी तरी नोंदवायलाच हवा. पण पुढं जे घडलं त्यापुढं तो काहीच नाही.

शहागंजच्या दुकानदारानं बजावलं होतं, "सर, सिरॅमिक टाइल पाणी पिते, बसवण्याआधी भिजवावी लागते. पोर्सिलेनला ती भानगड नाही." बायकोला, सुलभालाही पोर्सिलेनच हवी होती. मी सिरॅमिकच्या रंगावर भाळलो.

सकाळी मिस्त्री रफिकभाईंनी विचारलं, "साहब, टाइल्स कशात भिजवू?" लिहिता लिहिता, मान वर न करता मी म्हणालो, "त्या निळ्या पिंपात."

निळं पिंप! नळ आता आठवड्यानं येणार, तोवरचं पिण्याचं सगळं पाणी त्यात. दुपारी झाकण उघडलं तर तळाशी टाइल्स, वर मातकट पाणी. असं कसं बोललो मी?

सुलभा पिंपाकडं बघून म्हणाली, "टाइल्सची तहान भागली? आता आईंना गोळीबरोबर काय देऊ, सिमेंट?"

माझ्याच आईला. जारवाल्याकडचे जार संपलेले.

भिंतीपलीकडून शबानाभाभींनी भरलेला हंडा पुढं केला. "घ्या भाईसाब, अम्मांसाठी. टाइल्सला पाजू नका म्हणजे झालं." त्यांच्या घरात सहा माणसं, आणि त्यांचाही नळ आमच्याच दिवशी.

मागवलेला टँकर आत्ता आला. आधी भाभींचा हंडा भरला, त्यांच्या ओट्यावर झाकून ठेवला आणि बेल न वाजवता परत आलो.