आबाच्या अंगणाकडचं दार

मार्गशीर्ष शु. १०

पास्कू मिस्त्री सकाळीच आला. ठाण्याचा किरिस्तांव सुतार. हात चांगला, तोंड त्याहून चांगलं. मागची भिंत ठोकून पाहिली, म्हणाला फोडायला हरकत नाही. मग दोरी घेऊन थेट हिच्या खाटेपाशी गेला. म्हटलं, अरे, माप दाराचं घ्यायचंय. तर म्हणतो, "बाय पाय किती उचलतंय तां पयलं बगूं दे. मंग उंबरा."

ही आधी संकोचली. मग भिंतीला धरून उभी राहिली, डावा पाय उचलून दाखवला. चार बोटं. दुसऱ्यांदा तीनच. मिस्त्रीने दोरीला गाठ मारली. उंबरा दोन बोटांचा ठरला. एवढा बुटका उंबरा कल्याणात कुणाचा नसेल. नसू दे.

पुढचं दार खाडीकडे. उधाणाच्या भीतीने वडिलांनी जोतं उंच बांधलं, अकरा पायऱ्या. अर्धांगाचा झटका आल्यापासून दोन वर्षं ही त्या उतरलेली नाही. एकदा चौघांनी खुर्चीवर बसवून खाली नेली तर म्हणाली, पुन्हा मला असं मिरवू नका. येणाऱ्या बायकाही पायऱ्या बघून येईनाशा झाल्या. मागे मात्र सपाट. माझ्या लहानपणच्या मित्राचं, आबाचं अंगण, आणि अंगण ओलांडलं की स्टेशनचा रस्ता.

कल्पना आबाचीच. दसऱ्याला सोनं द्यायला आला होता, हिच्या खाटेजवळ बसून म्हणाला, "नाना, मागची भिंत फोड आणि दार काढ माझ्या अंगणात. वहिनींना माणसं तरी दिसतील."

कचेरीत आमचे वकीलसाहेब म्हणाले, दोन ओळी लिहून घ्या. मी हसलो. कचेरीबाहेर चटई टाकून तीस वर्षं लोकांची खतं आणि अर्ज लिहितोय, ज्याला त्याला सांगतो की सख्ख्या भावाकडूनही लिहून घे. पण आबा? एका पाटीवर धुळाक्षरं गिरवली आम्ही. त्याच्यापुढे कागद धरणार कोण.

मार्गशीर्ष व. ४

भिंत फुटली. घरात दुपारचं ऊन आलं. हिला डोळे चोळावे लागले.

दाराचा नकाशा आता तीन माणसांचा. मला दोन फळ्यांचं साधं दार हवं होतं. ही म्हणाली, वरचा अर्धा भाग निराळा उघडू दे, म्हणजे खाटेवरूनही रस्ता दिसेल आणि खालून कुत्री-कोंबड्या यायच्या नाहीत. मिस्त्री खूष. दाराबाहेर ओटा, दोन्ही बाजूंना बसायला कट्टे. एका कट्ट्याला पाठ टेकायला फळी, ती हिची. समोरचा कट्टा रुंद हवा, का तर बायका मुलं घेऊन येतात. हे मला कधी सुचलं नसतं.

गणेशपट्टीवरून मिस्त्री म्हणाला, "गनपती कोरीन मी, पन सोंड कंच्या अंगाला तां तुमी सांगा. माजा तो देव नाय." आबा म्हणाला डावीकडे. आबा रोज जेवून येतो, लाकडाच्या ओंडक्यावर बसतो, मिस्त्रीला शहाणपण शिकवतो.

आज मात्र गप्प. दोनदा काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं. दाढ ठणकत असावी. लवंग दिली. घेतली.

पौष शु. ७

भाकड महिना. चौकट तयार आहे पण पौषात कोण बसवणार. माझी चटईही ओस, या महिन्यात कुणी घर घेत नाही की जमीन घेत नाही. मिस्त्री ठाण्याला घरी बसून पट्टी कोरतोय.

आबा सकाळच्या गाडीने ठाण्याला गेला होता. मी जाणार होतो मिस्त्रीचं काम बघायला, तर म्हणाला, तू कशाला, वहिनींजवळ बस, मी बघून येतो आणि तांबटाकडून दाराला कड्याही आणतो. दिवे लागायच्या आत परत आला. कड्या सुरेख, पितळी, जड. हिच्या हातात दिल्या. म्हणाला, या माझ्याकडून. पानाला थांब म्हटलं तर थांबला नाही.

माघ शु. ५

झालं. दार बसलं.

उंबरा पुजला, धूप जाळला, तोरण लावलं. टिटवाळ्याहून मुलगी आली होती, ती आईला धरायला पुढे झाली तर हिने तिचा हात सोडवला. चौकट धरली. पाय उचलला, दोन बोटांवरून पलीकडे ठेवला. मग दुसरा. मिस्त्री तोंडावर हात ठेवून उभा. मला काही दिसेना, धुरामुळे म्हणा.

ओट्यापुढे आबा उभा होता. हिने विचारलं, "भावोजी, तुमच्या अंगणात उतरू ना?" तो म्हणाला, "उतरा."

उतरली. आबाच्या तुळशीपर्यंत जाऊन आली. मग दोन तास कट्ट्यावर बसली. रस्त्याने जाणाऱ्या बायका वळून आल्या, रुंद कट्टा भरला. दोन वर्षांचं सगळं एका दिवसात बोलून घेतलं तिने. मी आत बसून ऐकत होतो. इतकं बरं मला कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं.

माघ शु. ११

गेले सहा दिवस लिहायला फुरसत नाही, घरात माणसंच माणसं.

आज कचेरीतून आलो तर अंगणात चुन्याची रेघ मारलेली. आमच्या ओट्यापासून दोन हातांवर, या टोकापासून त्या टोकापर्यंत. दोन गडी खुंट्या ठोकत होते. विचारलं तर म्हणाले, शेटची वखार व्हायची हाय, भिंतीचा पाया घ्यायचा हाय. कुठला शेट? गवताचा व्यापारी. म्हटलं, अरे, चुकलात, ही आबांची जागा. एक गडी म्हणाला, "व्हती."

आबाकडे गेलो. कुलूप.

ही कट्ट्यावर बसून रेघेकडे बघत होती.

माघ शु. १२

गवतवाल्याकडे गेलो. माणूस उर्मट नाही, उलट अदबीने गादीवर बसवलं आणि खरेदीखत पुढे केलं. वाचा म्हणाला, तुम्हाला वाचता येतं.

वाचलं. अक्षर ठाण्याच्या एका दस्तलेखकाचं, मी ओळखतो ते. तारीख पौष शु. ७. ज्या दिवशी कड्या आणल्या तो दिवस.

कल्याणात खत केलं असतं तर माझ्या चटईवरून गेल्याशिवाय राहिलं नसतं. म्हणून गाडीत बसून ठाण्याला गेला. मला घरी बसवलं. एका हाताने माझ्या दाराच्या कड्या विकत घेतल्या आणि दुसऱ्या हाताने दारापुढची जमीन विकली. केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच.

खाली स्वच्छ लिहिलंय: सदरहू जागेतून कोणाचीही जाण्या-येण्याची वाट नाही व कोणी हक्क सांगितल्यास तो खोटा समजावा. खाली आबाची सही. तो वळणदार 'आ' मी त्याला शिकवलेला.

म्हणजे पंचमीला तो "उतरा" म्हणाला तेव्हा अंगण त्याचं नव्हतंच.

माघ पौर्णिमा

आबा परत आला. मुलाकडे मुंबईला गेला होता. मी गेलो नाही, तोच आला. नव्या दाराने नाही, खाडीकडून, अकरा पायऱ्या चढून. वरती येऊन दमला, धापा टाकत उभा राहिला. बस म्हटलं नाही.

मुलगा मुंबईला बोलावतोय. एकट्याने इथे राहवत नाही. घर, अंगण सगळं काढायचं ठरलं ते दिवाळीनंतर. गवतवाल्याने ती ओळ लिहिल्याशिवाय व्यवहार होणार नाही सांगितलं. हे सगळं त्याने मान खाली घालून सांगितलं.

मी एकच विचारलं. दिवाळीनंतर भिंत फुटेपर्यंत महिना-दीड महिना होता, एक दिवस तोंड उघडता आलं नाही?

"रोज सांगायलाच येत होतो, नाना. मिस्त्री आला त्या पहिल्या दिवशी आलो तर वहिनी पाय उचलून दाखवत होत्या. मग नाहीच झालं."

ही आतून सगळं ऐकत होती. म्हणाली, "भावोजी, मला सांगायचंत. मी भिंत फोडू दिली नसती."

तो गेला. पायऱ्या उतरताना त्याचा आवाज मी ऐकत राहिलो, स्वतःचाच राग येईपर्यंत.

शत्रूने केलं असतं तर दोन शिव्या देऊन मोकळा झालो असतो. याला काय देऊ? याच्याशिवाय शिवी द्यायला मला दुसरं माणूस नव्हतं.

माघ व. ३

पाया घेऊन झाला. भिंत गुडघ्याएवढी.

चटईवर आज एक शेतकरी आला, भावाशी वाटणी करायची आहे, लिहून घ्यावं का म्हणाला, भाऊ तसा चांगला आहे. शेजारच्या चटईवरचा लेखक खोकला. सगळ्या कचेरीला बातमी लागली आहे. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. शेतकऱ्याला म्हटलं, लिहून घे. आवाज जरा चढलाच. तो बिचारा घाबरला.

पास्कू मिस्त्री मुद्दाम ठाण्याहून आला होता. कुणी सांगितलं कोण जाणे. भिंतीजवळ जाऊन हाताने उंची मापली, परत आला, हिच्या कट्ट्याच्या कडेला बसला. म्हणाला, एवढ्या वर्षांत दारं पुष्कळ बसवली, काढायला कधी आलो नाही. तुम्ही सांगाल तर पुढे खाडीकडे नेऊन बसवीन, फुकट. ही म्हणाली, पायऱ्यांचं काय करशील? जेवून गेला.

बायका अजून येतात, भिंतीवरून लुगडं सावरत पाय टाकून येतात. दोन दिवसांनी येणार नाहीत.

माघ व. ५

वकीलसाहेबांकडे. दोन ओळी घ्या म्हटलं होतं, हे त्यांनी पुन्हा काढलं नाही, तेवढे उपकार.

ते म्हणतात, रस्ता एकच. मागे पूर्वीपासून एक लहानसं खिडकीदार होतं, वीस वर्षं तुम्ही त्याच वाटेने जाता-येता, आता फक्त दुरुस्ती केली, असा दावा लावायचा. वीस वर्षांची वहिवाट दाखवली की खतातली ओळ फुकट. साक्षीला गल्लीतली चार म्हातारी माणसं उभी करू. भिंत लगेच थांबेल.

मी असले दावे लिहिलेत. खोटं नाही बोलत इथे. कितीतरी लिहिलेत, आणि जिंकलेतही लोक.

आणि खरा दावा? आबाने तोंडी परवानगी दिली, ती जागा विकण्याआधी दिली, तिच्यावर विसंबून मी भिंत फोडली. वकीलसाहेब म्हणाले, ऐकलं कुणी? मी आणि ही. वादी आणि वादीची बायको, धरणार नाहीत. मग राहिला आबा. तो खरं बोलला तर त्याचं स्वतःचं खत खोटं ठरतं, गवतवाला त्याला कोर्टात खेचेल, मुंबई राहील बाजूला. कुठला माणूस बोलेल?

घरी येऊन हिला दोन्ही सांगितलं. ती म्हणाली, "वीस वर्षं मी कुठून चढले-उतरले ते सगळ्या गावाने बघितलंय. त्या म्हाताऱ्यांना माझ्यापायी शपथेवर खोटं बोलायला लावू नका." मग कूस बदलून निजली. मला वाटलं रडत असेल. नव्हती. भिंतीकडे बघत होती, वरचं अर्धं दार उघडं होतं त्यातून.

माघ व. ६

भिंत कमरेएवढी. कट्ट्यावर बसलं की रस्ता दिसत नाही, चालणाऱ्यांची डोकी दिसतात. ही डोक्यावरून माणसं ओळखते. आज पाच ओळखली. माझ्याने ते बघवेना, मी खाडीकडे जाऊन बसलो.

आबाच्या घरी सामान बांधताहेत. आठवड्यात निघणार म्हणे.

माघ व. ८

आज चटईवर गेलो नाही. घरीच बसून दावा लिहिला. लोकांचा लिहितो तसाच, पण चार तास लागले. वीस वर्षांची वाट घातली नाही. जे झालं ते लिहिलं: दसरा, खाटेजवळचं बोलणं, भिंत, उंबरा. कड्यांचं लिहिलं आणि खोडलं, त्याचा कोर्टाला उपयोग नाही.

मग साक्षीदारांची यादी. खाली एकच नाव. आबाचं, पुढे त्याच्या वडिलांचं, राहणार कल्याण. उद्यापरवा समन्स निघायला हवं, नाहीतर 'राहणार कल्याण' हेही खोटं व्हायचं.

वकीलसाहेबांनी वाचलं, चष्मा काढला, म्हणाले, नाना, ज्याने बुडवलं त्याच्याच गळ्यात पडताय. सही करायला दिवसभर वेळ देतो, विचार करा. विचार झालाय म्हटलं, सही केली.

घरी आलो. हिने विचारलं, "भावोजी काय सांगतील?"

ठाऊक नाही म्हटलं. पन्नास वर्षांत त्याला शपथेवर विचारायची वेळ कधी आली नव्हती.